पक्षाघाताच्या उपचारात आणि पुनर्वसनात परिचारिकेची भूमिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा किंवा ब्रेन स्ट्रोक या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आजारात रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना दिवसातून एकदा-दोनदा भेटतात, मात्र सिस्टर किंवा ब्रदर त्यांच्या डोळ्यांसमोर चोवीस तास असतात. साहजिकच बहुतेक प्रश्न त्यांनाच विचारले जातात आणि वॉर्डाच्या धावपळीत त्यांची उत्तरे अर्धवट राहतात. पुढील प्रश्न अशाच नातेवाइकांचे आहेत. रुग्णाला पाणी न देणे, रात्री पुन्हा पुन्हा जागे करणे, वाढलेल्या रक्तदाबावर लगेच गोळी न देणे या गोष्टी घरच्यांना हेळसांड वाटतात; त्या उपचाराचाच भाग कशा असतात, हे सांगण्याचा येथे मुख्य प्रयत्न आहे.

प्रश्न : गुठळीवरचे इंजेक्शन डॉक्टर ठरवतात, शस्त्रक्रियाही तेच करतात. मग परिचारिकेचा वाटा नेमका किती?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणारा पक्षाघात सर्वाधिक आढळतो. उरलेल्या रुग्णांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. गुठळी विरघळवणारे औषध उपयोगी ठरते हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीत प्रथम ठामपणे दिसले. त्या वेळी मुदत तीन तासांची होती. २००८ मधील युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत गेली. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढण्याची पद्धत २०१५ पासून प्रस्थापित झाली आणि निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही करता येते. मात्र हे दोन्ही उपचार मिळणारे रुग्ण थोडे असतात, कारण पुष्कळ जण उशिरा पोहोचतात आणि रक्तस्रावाच्या रुग्णांना तर हे औषध देताच येत नाही.

या उरलेल्या सर्व रुग्णांना, वय कितीही असो आणि पक्षाघात कोणत्याही प्रकारचा असो, ज्याचा फायदा होतो ती गोष्ट म्हणजे स्ट्रोक युनिट, अर्थात या आजाराचे प्रशिक्षण घेतलेल्या चमूने एकत्र चालवलेला कक्ष. अशा कक्षात ठेवलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही कमी होतात, हे अनेक देशांतील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. तेथे काही जादूचे यंत्र नसते. न्यूमोनिया, ताप, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), पायातील गुठळी, पडणे, लघवीचा संसर्ग हे सगळे वेळीच ओळखले जाते किंवा होऊच दिले जात नाही, आणि यातील फार मोठे काम परिचारिकेच्या हातचे असते.

प्रश्न : रुग्णाला तातडीने आत न्यायचे सोडून सिस्टर "शेवटचे नीट कधी पाहिले होते?" हेच का विचारत बसतात?

कारण पुढचा सगळा उपचार त्या एका उत्तरावर ठरतो. "कधी झाले?" असे विचारले की घरचे बहुधा आपल्या लक्षात आले ती वेळ सांगतात. सकाळी सहाला उठवायला गेल्यावर वडिलांचे तोंड वाकडे दिसले, तर सून "सहा वाजता झाले" असे सांगते. प्रत्यक्षात ते रात्री दहाला जेवून, बोलून झोपले असतील तर घड्याळ दहापासून मोजावे लागते, आणि मग साडेचार तासांची मुदत उलटलेली असते. पहाटे चार वाजता ते स्वतः उठून बाथरूमला जाऊन आले आणि आजीशी दोन शब्द बोलले, एवढी माहिती मिळाली तर चित्र पालटते. म्हणून अनुभवी परिचारिका फोन आला होता का, दूध कोणी घेतले, दार कोणी उघडले, असे आडवळणाचे प्रश्न विचारते. वेळ मुळीच कळत नसेल तर काही रुग्णालयांत एमआरआय किंवा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवरून निर्णय घेतला जातो. त्यामुळे झोपेत झालेला पक्षाघात म्हणजे सर्व संपले, असे समजू नये.

ही चौकशी चालू असतानाच बाकीची कामे होत असतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली जाते, कारण साखर फार कमी झाली तरी हातपाय लुळे पडून हुबेहूब पक्षाघातासारखे दिसू शकते. बळ गेले नसलेल्या हातात शिरेतली सुई लावली जाते, रक्तदाब मोजला जातो आणि वजन घेतले जाते. वजनाबद्दल नातेवाइकांना नवल वाटते. अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध दर किलो वजनाला ०.९ मिलिग्रॅम या हिशोबाने, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. त्यातला दहावा भाग एका मिनिटात आणि उरलेला एका तासात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, त्यापैकी ५.४ आधी आणि ४८.६ नंतर. घरच्यांनी अंदाजाने ७५ किलो सांगितले, तर रक्तस्रावाचा धोका असलेले औषध विनाकारण जास्त जाते. टेनेक्टेप्लेज हे दुसरे औषध एकाच वेळी दिले जाते, पण त्याचीही मात्रा वजनावरच ठरते.

उपचार न झाल्यास मोठ्या रक्तवाहिनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा एक प्रसिद्ध अंदाज आहे. त्यामुळे रुग्णाची जुनी फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे घरातून निघतानाच बरोबर घ्यावीत. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गाडीत बसल्यावर आपण येत असल्याचे रुग्णालयाला कळवले, तर सीटी स्कॅनची तयारी आधीच होऊ शकते.

प्रश्न : इंजेक्शन दिल्यानंतर रात्रभर दर थोड्या वेळाने जागे करतात. रुग्णाला झोपू का देत नाहीत?

गुठळीवरचे औषध दिल्यानंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर चोवीस तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि मेंदूची स्थिती तपासायची असते. परिचारिका रुग्णाला नाव विचारते, महिना विचारते, दोन्ही हात उचलायला सांगते, डोळ्यांवर बॅटरी टाकून बाहुल्या पाहते. हीच तपासणी ठरलेल्या गुणांच्या तक्त्यात नोंदवली जाते. त्यातील एक तक्ता शून्य ते ४२ गुणांचा आहे आणि त्यात गुण जितके जास्त तितका पक्षाघात गंभीर.

या औषधाचा सर्वांत भयंकर दुष्परिणाम म्हणजे मेंदूत रक्तस्राव. एकाएकी तीव्र डोकेदुखी, उलटी, अचानक चढलेला रक्तदाब, वाढती गुंगी किंवा हातातले बळ आणखी कमी होणे ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना बोलावणे आणि पुन्हा सीटी स्कॅन करणे यात मिनिटांचा हिशोब असतो. झोपू दिलेला माणूस आणि बेशुद्धीत जात असलेला माणूस लांबून सारखाच दिसतो, म्हणून जागे करण्यास पर्याय नाही. काही रुग्णांची जीभ किंवा ओठ सुजतात आणि श्वासाची वाट अडू शकते. हा धोका रक्तदाबाच्या एका विशिष्ट गटातील गोळ्या घेणाऱ्यांना अधिक असतो. सिस्टर मध्येच "जीभ दाखवा" म्हणतात ते याचसाठी.

या चोवीस तासांत ॲस्पिरिन दिले जात नाही आणि नाकातून किंवा लघवीच्या मार्गातून नळी घालणेही शक्यतो टाळले जाते, कारण अशा वेळी छोटीशी जखमही वाहत राहते.

प्रश्न : रुग्ण पाणी पाणी करत असतो, तरी एक घोट पाणीही का देत नाहीत?

नातेवाइकांचा सर्वाधिक राग याच गोष्टीवर निघतो आणि तो समजण्यासारखा आहे. आपल्याकडे आजारी माणसाच्या तोंडात पाणी घालणे हे मायेचे पहिले लक्षण मानले जाते. परंतु पक्षाघातात घशाचे स्नायूही लुळे पडू शकतात आणि मग पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. निरोगी माणसाला अशा वेळी जोराचा ठसका लागतो. या रुग्णांपैकी काहींना ठसकाही येत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात जाते आणि दोन दिवसांनी ताप आणि धाप घेऊन न्यूमोनिया समोर येतो. पक्षाघातानंतरच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे.

म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही, अगदी गोळीसुद्धा, द्यायची नसते. प्रशिक्षित परिचारिका ही चाचणी खाटेजवळच करते. रुग्ण पुरेसा जागा आहे, सरळ बसू शकतो आणि सांगितल्यावर खोकू शकतो, हे ती आधी पाहते. मग चमच्याने थोडे पाणी देऊन कंठमणी वर उचलला जातो का, हे बोटांनी चाचपते. प्रत्येक चमच्यानंतर रुग्णाला "आ" म्हणायला लावते. आवाज घोगरा झाला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा आला, ठसका लागला किंवा बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण घसरले, तर चाचणी तेथेच थांबते आणि गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांना बोलावले जाते. चमचे सुरळीत गेले तरच पेल्याने पाणी दिले जाते.

तोपर्यंत शरीराला लागणारे पाणी शिरेतून मिळत असते. ओठ कोरडे पडले तर सिस्टरांना विचारून ओल्या कापसाने पुसावेत. तोंडाची स्वच्छता याच काळात फार महत्त्वाची असते, कारण न जेवणाऱ्या माणसाच्या तोंडातही जंतू वाढतात आणि लाळेबरोबर फुप्फुसात जातात. कवळी असेल तर ती काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवायला द्यावी. वॉर्डातून हरवणाऱ्या वस्तूंत चष्म्याच्या खालोखाल तिचाच क्रमांक लागत असावा.

प्रश्न : थोडासा ताप, थोडीशी वाढलेली साखर याकडे एवढे लक्ष देण्याची खरोखर गरज आहे का?

आहे, आणि याचा भक्कम पुरावा परिचारिकांनीच उभा केला आहे. ऑस्ट्रेलियातील परिचर्या-संशोधक सँडी मिडलटन यांच्या नेतृत्वाखाली न्यू साउथ वेल्स राज्यातील १९ स्ट्रोक युनिटमध्ये एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत नवे औषध नव्हते. ताप, साखर आणि गिळणे या तीन गोष्टी पहिल्या ७२ तासांत परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने सांभाळायच्या, एवढेच होते : ठरावीक अंतराने ताप मोजायचा आणि तो ३७.५ अंश सेल्सिअसला पोहोचताच पॅरासिटामॉल द्यायचे, साखर वारंवार तपासून वाढल्यास इन्शुलिन सुरू करायचे आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचे नाही. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या युनिटमध्ये ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ५८ टक्के होते, तर या पद्धतीच्या युनिटमध्ये ते ४२ टक्के होते.

हा फरक पाहिल्यावर ३७.५ अंश म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५, ज्याला आपण घरी "अंग जरा कोमट आहे" म्हणून सोडून देतो, त्याची नोंद सिस्टर का करतात हे लक्षात यावे. पॅरासिटामॉल आणि साखर मोजण्याच्या पट्ट्या तालुक्याच्या रुग्णालयातही असतात. अडचण येते ती मनुष्यबळाची. एका परिचारिकेकडे रात्रपाळीत तीस-चाळीस रुग्ण असतील, तर दर चार तासांनी ताप मोजण्याची सूचना कागदावरच राहते, आणि त्यासाठी तिला दोष देणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : रक्तदाब १९० असूनही गोळी देत नाहीत. हा निष्काळजीपणा नव्हे का?

गुठळीच्या पक्षाघातात वाढलेला रक्तदाब अर्धवट अडलेल्या भागाकडे रक्त ढकलत असतो आणि तो एकदम खाली आणला तर वाचू शकणारा भागही मरू शकतो. म्हणून गुठळीचे औषध दिलेले नसेल आणि हृदयाचा किंवा अन्य काही तातडीचा त्रास नसेल, तर पहिल्या दिवसात साधारण २२०/१२० पर्यंतचा रक्तदाब चालवून घेतला जातो. औषध देण्यापूर्वी मात्र तो १८५/११० च्या खाली आणि दिल्यानंतर चोवीस तास १८०/१०५ च्या खाली ठेवावा लागतो. रक्तस्रावाच्या रुग्णात तो याहून खाली, वरचा आकडा १४० च्या आसपास आणला जातो. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा आकडा आणि आपल्या रुग्णाचा आकडा यांची तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

प्रश्न : कूस बदलण्यावर आणि हात कसा ठेवायचा यावर सिस्टर इतक्या बोलतात, ते का?

लुळ्या बाजूला दाब जाणवत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतः हलत नाही आणि हाड जेथे कातडीजवळ आहे तेथे, म्हणजे माकडहाड, टाचा, घोटे आणि कंबरेची बाजू येथे, काही तासांतच कातडी मरू लागते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याचा रिवाज यासाठीच आहे. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असा समज घरोघरी आढळतो आणि तो चुकीचा आहे. गादीने दाब कमी होतो, जात नाही. आपल्याकडील सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली पटकन दिसत नाही. म्हणून परिचारिका हाताच्या पाठीने चाचपून तो भाग शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागतो का, हे पाहते. पूर्वी अशा जागी स्पिरिट आणि पावडर लावून चोळण्याची पद्धत होती. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतील ऊती अधिक दुखावतात, त्यामुळे आता ते करू नये असेच शिकवले जाते.

खांद्याचे दुखणे बहुतांशी आपल्या हातांनी ओढवून घेतलेले असते. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर टिकून असतो. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो. अशा वेळी रुग्णाला उठवताना मुलाने काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढले, तर सांध्याला इजा होते आणि पुढे महिनोन्‌महिने खांदा दुखत राहतो. मग त्या दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. योग्य पद्धत अशी, की रुग्णाला आधी कुशीवर वळवावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि पाठीला व कंबरेला आधार देत बसते करावे. बसल्यावर लुळा हात लोंबत न ठेवता उशीवर किंवा टेबलावर ठेवावा. लुळ्या कुशीवर झोपवले तरी चालते. मात्र खांदा अंगाखाली दबू न देता थोडा पुढे ओढून घ्यावा लागतो.

पायातील शिरांत गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे आणून देण्याची नातेवाइकांची तयारी असते. पक्षाघाताच्या रुग्णांत या मोज्यांचा उपयोग होत नाही आणि कातडीला इजा होते, हे २००९ मधील मोठ्या चाचणीत दिसले. पायाभोवती गुंडाळून आलटून पालटून हवा भरणाऱ्या पट्ट्यांचा मात्र उपयोग होतो, असे त्याच संशोधकांच्या २०१३ च्या चाचणीत आढळले.

प्रश्न : जितक्या लवकर चालवू तितके बरे, हे खरे आहे ना?

अर्धेच खरे आहे. दिवसेंदिवस अंथरुणात ठेवणे वाईटच. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच रुग्णांना वारंवार आणि दीर्घकाळ उठवण्याचा प्रयोग केला गेला, तेव्हा तीन महिन्यांनंतरची त्यांची स्थिती नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णांपेक्षा किंचित वाईटच निघाली. म्हणून पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका बेताने घेतात, मग थोडा वेळ पण अनेकदा बसवतात. संध्याकाळी भेटीच्या वेळी चार नातेवाइकांनी धरून उभे करण्याचा उत्साह आवरावा.

प्रश्न : लघवीची नळी ठेवा म्हटले, तर सिस्टर नकार देतात. कपडे सारखे ओले होतात, त्याचे काय?

नळी ही जंतूंना आत जाण्याची वाट आहे आणि जितके दिवस राहील तितका संसर्ग वाढतो. लघवी अडली असेल किंवा तासागणिक मोजायची असेल, तर ती घातली जाते, आणि गरज संपताच काढली जाते. दर दोन तासांनी भांडे देणे किंवा कमोडच्या खुर्चीवर बसवणे, पुरुषांना बाहेरून लावायची पिशवी, चांगल्या प्रतीचे डायपर हे उपाय कष्टाचे आहेत खरे, पण पुष्कळ रुग्णांचा ताबा काही आठवड्यांत परत येतो तो अशाच सवयीने. बद्धकोष्ठाकडेही लक्ष द्यावे. चार दिवस शौच न झालेला आणि बोलू न शकणारा रुग्ण नुसताच चिडचिड करतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : त्यांना बोलता येत नाही, पण आरती म्हणतात. हे नाटक आहे का?

मुळीच नाही. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पक्षाघातात बहुधा शब्द शोधण्याची आणि वाक्य जुळवण्याची शक्ती जाते, परंतु वर्षानुवर्षे घोकलेले शब्द दुसऱ्या वाटेने बाहेर पडू शकतात. त्यामुळे "पाणी" हा शब्द न सापडणारे आजोबा 'सुखकर्ता दुखहर्ता' पूर्ण म्हणतात, एक ते दहा आकडे मोजतात किंवा ज्यांनी जन्मात अपशब्द उच्चारला नाही ते शिवी देतात. घरच्यांना त्याची लाज वाटते, वाटू नये.

परिचारिका अशा रुग्णाशी एका वेळी एकच छोटे वाक्य बोलते, उत्तरासाठी थांबते आणि "चहा हवा की दूध?" असे तोंडी विचारण्याऐवजी दोन्ही पेले समोर धरते. "हो" आणि "नाही" यांची अदलाबदल होत असेल, तर अंगठा वर-खाली करण्याची खूण ठरवते. घरच्यांनीही हेच करावे, आणि रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याच्या प्रकृतीची, खर्चाची किंवा वाटणीची चर्चा करू नये. न बोलणाऱ्या माणसाला समजत नसते, असे गृहीत धरता येत नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातात वेगळेच घडते : रुग्णाला डावी बाजू जगात आहे याचाच विसर पडतो. ताटातील डाव्या अर्ध्या भागातली भाजी तशीच राहते आणि "भाजी आवडली नाही" असा समज होतो.

प्रश्न : कारण नसताना रडतात, लगेच हसतात. वेड लागले का?

भावनांवरील ताबा सुटणे हा पक्षाघाताचा शारीरिक परिणाम असू शकतो. त्यावर औषध आहे. याशिवाय पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि त्यात व्यायाम, जेवण, औषधे सगळेच मागे पडते. झोप उडाली आहे, व्यायामाला नकार देतात, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, अशा गोष्टी प्रथम परिचारिकेच्या किंवा घरच्यांच्या लक्षात येतात. त्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

प्रश्न : घरी सोडण्यापूर्वी सिस्टरांकडून काय शिकून घ्यावे?

पाहून घेणे आणि शिकून घेणे यांत फरक आहे. रुग्णालयातून निघण्याआधी घरातील निदान दोघांनी प्रत्येक गोष्ट सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावी, कारण एकटी सून किंवा एकटी पत्नी हे काम महिनोन्‌महिने करू शकत नाही. नाकातून पोटात गेलेली राईल्स ट्यूब असेल, तर भरवण्यापूर्वी नाकाजवळची खूण सरकलेली नाही ना हे पाहणे, सिरिंजने पोटातील पाणी ओढून नळी जागेवर असल्याची खात्री करणे, उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, भरवून झाल्यावर नळीत पाणी सोडून ती धुणे आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवे न करणे, हे सर्व जमले पाहिजे. नळी बाहेर आली तर ती घरी परत घालू नये. भरवताना ठसका लागला किंवा श्वास अडखळला, तर भरवणे तत्काळ थांबवावे.

तोंडाने खाणाऱ्यांसाठी पातळ पदार्थ सर्वांत अवघड असतात, हे अनेकांना उलटे वाटते. पाणी, चहा आणि ताक घशातून झरकन उतरते. घट्ट पेज, मऊ कालवलेला वरण-भात किंवा दाट खिमट सावकाश उतरते. पातळ आमटीत सुटा भात हा तर दुहेरी धोका, कारण पाणी आधी जाते आणि शिते मागे राहतात. चुरमुरे, कोरडे पोहे आणि भाकरीचा कोरडा तुकडा टाळावा. घास चांगल्या बाजूने द्यावा, हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि जेवणानंतर लुळ्या गालात अन्न साठले आहे का, हे पाहावे.

घरच्यांनी शिकवून घेतलेले व्यायाम हा तज्ज्ञांच्या उपचारांना पर्याय नव्हे. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरच्यांना प्रशिक्षण देऊन केलेल्या पुनर्वसनामुळे सहा महिन्यांनंतरचे मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झाले नाही. काळजी घेण्याच्या सुरक्षित पद्धती शिकणे आवश्यकच आहे, पण फिजिओथेरपी परवडत नाही म्हणून "आम्हीच घरी करून घेतो" असे ठरवण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील विभागाची चौकशी करावी. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यानंतर तो मंदावतो, थांबतोच असे नाही.

प्रश्न : गावाकडे पारव्याचे रक्त चोळतात, जोरात मालिश करतात. आधी त्याचा प्रयोग करून पाहिला तर?

पारव्याच्या रक्ताचा काहीही उपयोग नाही. त्यात जातो तो साडेचार तासांचा वेळ. बोटांच्या टोकांना सुई टोचण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, त्याचीही हीच गत. घरी ॲस्पिरिनची गोळी देणेही धोक्याचे, कारण सीटी स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कोणालाही सांगता येत नाही. नंतरच्या काळात हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही, परंतु संवेदना गेलेल्या बाजूला शेक देऊ नये, कारण पोळलेले रुग्णाला कळत नाही.

याहून अधिक नुकसान होते ते बरे वाटू लागल्यावर रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्याने. घरी सोडताना सिस्टर गोळ्यांचा तक्ता पुन्हा पुन्हा समजावतात, तंबाखू आणि मिश्रीबद्दल विचारतात, ते यासाठी. नुसते समजावणे पुरते असेही नाही : भारतातील ३१ केंद्रांत बारा भाषांमधून संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका देऊन झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरातील नवे पक्षाघात आणि हृदयविकार त्यामुळे घटले नाहीत. तेव्हा नियमित तपासणीला जाणे आणि रक्तदाब प्रत्यक्ष मोजून घेणे याला पर्याय नाही.

प्रश्न : ब्युरोतून माणूस ठेवायचा आहे. "नर्स" म्हणून पाठवतात, ती खरोखर नर्स असते का?

पुष्कळदा नसते. नोंदणीकृत परिचारिका तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेते आणि महाराष्ट्रात काम करताना तिच्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असते. ती मागण्यात संकोच करू नये. ब्युरोतून येणाऱ्या बहुतेक मावशी आणि मामा हे काळजीवाहक असतात. अंघोळ, कूस, डायपर, भरवणे ही कामे ते उत्तम करतात, काही जण तर नव्या सिस्टरांपेक्षाही हळुवारपणे. परंतु इन्शुलिनची मात्रा ठरवणे, राईल्स ट्यूब किंवा लघवीची नळी बदलणे, शय्याव्रणाची खोल जखम साफ करणे ही कामे त्यांच्यावर सोपवू नयेत. रुग्णाला नळी किंवा जखम नसेल, तर चांगला काळजीवाहक आणि आठवड्यातून एकदा घरी येऊन पाहणारी नोंदणीकृत परिचारिका ही जोडी पूर्णवेळ नर्सपेक्षा परवडते आणि बहुतेक घरांना ती पुरते. पहिल्या दिवशी त्या व्यक्तीला रुग्ण उठवायला सांगून पाहावे. तिने काखेत हात घालून ओढले, तर योग्य पद्धत दाखवल्याशिवाय कामाला सुरुवात करू देऊ नये.